गाडीच्या वारसाची बातमी आणि तिचा आधार

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या दैनिकाच्या एका रविवारच्या पुरवणीत निसान जीटी-आर या जपानी स्पोर्ट्स कारविषयी पाऊण पानाचा मजकूर प्रसिद्ध झाला होता. उत्पादन थांबलेल्या या गाडीचा हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेला, वारस लवकरच रस्त्यावर येणार, असा त्याचा मथळा होता आणि आत नव्या गाडीची अश्वशक्ती, शून्यावरून ताशी शंभर किलोमीटर वेग गाठायला लागणारे सेकंद, बाजारात येण्याचे वर्ष, इतकेच काय पण रुपयांतील अंदाजे किंमतसुद्धा दिली होती. यातला कोणता आकडा कोणी, कधी आणि कुठे सांगितला याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. त्या मजकुरामुळे आमच्या घरात जे घडले ते सांगावे आणि त्या निमित्ताने या विषयातील मला ठाऊक असलेल्या गोष्टी आपल्यापुढे मांडाव्यात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

मी इंदूरला रामबागेत राहतो. माझी नोकरीची सगळी वर्षे पिथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांच्या कारखान्यांच्या टूल रूममध्ये गेली. पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या डाय, भाग धरून ठेवणारी जिग आणि फिक्स्चर ही माझी कामे. निवृत्तीनंतर वेळ भरपूर असल्याने नातवाच्या अभ्यासात लक्ष घालतो. तो येथेच यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून त्याला गाड्यांचे वेड आहे आणि त्याने सातवी-आठवीत असताना केलेली कात्रणांची वही अजून माझ्या कपाटात आहे. खळ लावून चिकटवलेल्या त्या चित्रांत जीटी-आर पाच-सहा वेळा येते. मराठी वाचनाची सवय राहावी म्हणून आपली पुरवणी त्याच्यापुढे ठेवणारा मीच. इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितो, छापील कागदामागे जबाबदार माणूस बसलेला असतो, हे मी त्याला अनेकदा सांगितले आहे आणि ते मी मनापासून मानत आलो आहे.

या सत्रात त्याने प्रकल्पासाठी विषय घेतला तो जुन्या जीटी-आरची आणि येऊ घातलेल्या हायब्रिड जीटी-आरची तुलना. जुन्या गाडीचे आकडे त्याने कंपनीच्या माहितीपत्रकांतून घेतले आणि नव्या गाडीचे आपल्या पुरवणीतून. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कोष्टकातील उजव्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, की हे आकडे कुठून आणले. नातवाने आपले कात्रण पुढे केले. परीक्षकांनी ते शांतपणे पूर्ण वाचले, उलटून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, यात सांगणारा कोण आहे ते मला दाखवा. त्याला दाखवता आले नाही. प्रकल्प दुरुस्त करून पुन्हा सादर करण्याची मुभा त्यांनी दिली, हा त्यांचा चांगुलपणा. परंतु त्या संध्याकाळी घरी आल्यावर नातू मला एवढेच म्हणाला, "छापून आलं होतं ना, आबा." त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही दोघे मिळून पुन्हा कामाला बसलो आणि काय निश्चित आहे, काय नाही, याची छाननी केली. निश्चित आहे ते असे. आर-३५ या नावाने ओळखली जाणारी जीटी-आर २००७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये विक्रीला आली आणि २६ ऑगस्ट २०२५ रोजी तोचिगी येथील कारखान्यातून तिची शेवटची गाडी बाहेर पडली. अठरा वर्षांत साधारण ४८ हजार गाड्या झाल्या. तिचे ३.८ लिटरचे, दोन टर्बोंचे (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्यांचे), सहा सिलिंडरचे व्ही-६ इंजिन योकोहामा येथे हाताने जोडले जाई. हे काम करणारे कारागीर सगळ्या काळात मिळून अवघे नऊ होते आणि प्रत्येक इंजिनावर ते जोडणाऱ्याच्या नावाची पट्टी बसवण्याची प्रथा पुढे सुरू झाली. (टूल रूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला त्या पट्टीचे मोल किती वाटते ते सांगता येणार नाही. आमच्या डायवर आम्ही फक्त क्रमांक कोरत असू.) सुरुवातीला ४८० अश्वशक्ती देणारे हे इंजिन पुढे ५७० पर्यंत आणि निस्मो या खास प्रकारात ६०० पर्यंत नेण्यात आले. भारतात ही गाडी २०१६ च्या डिसेंबरमध्ये १ कोटी ९९ लाख रुपयांना आली होती.

ती थांबली यामागे नुसते वय नव्हते. ऑस्ट्रेलियात बाजूने होणाऱ्या धडकेविषयीचे सुरक्षेचे नियम बदलले आणि २०२१ मध्ये तिथली विक्री संपली. युरोपात आवाजाच्या मर्यादेचे नवे नियम आले आणि २०२२ मध्ये तिथलीही संपली. म्हणजे पुढे जी कोणती जीटी-आर येईल तिला आवाज, धूर आणि सुरक्षा या तिन्ही बाबतींत आजचे नियम पाळावेच लागतील. त्यामुळे ती हायब्रिड असण्याची शक्यता मलाही बरीच वाटते. आपल्या मजकुरातील मुख्य कल्पना असंभव होती असे माझे मुळीच म्हणणे नाही, हे येथेच स्पष्ट करतो.

मात्र कंपनीने प्रत्यक्ष काय सांगितले आहे ते पाहावे. शेवटची गाडी तयार झाली त्या दिवशी निसानचे मुख्य कार्यकारी अधिकारी इव्हान एस्पिनोसा यांनी, हा जीटी-आरला कायमचा निरोप नाही, हे नाव एक दिवस परत यावे असे आमचे उद्दिष्ट आहे, अशा आशयाचे निवेदन केले. त्याच निवेदनात त्यांनी आज नेमकी योजना पक्की झालेली नाही, असेही सांगितले. त्याआधी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या प्रदर्शनात कंपनीने हायपर फोर्स नावाची संकल्पना-गाडी मांडली होती. तिच्या रूपात सगळ्यांना पुढची जीटी-आर दिसली. ती गाडी पूर्णपणे विजेवरची, घन स्वरूपाच्या बॅटरीची आणि एक हजार किलोवॉट शक्तीची होती. अर्थात २०२३ मध्ये विजेची गाडी दाखवली, नंतर बोलणे हायब्रिडचे सुरू झाले आणि निवेदनात योजना पक्की नाही असे आले. या तीन गोष्टींतून अश्वशक्तीचा आणि किमतीचा आकडा निघतो कसा, हे मला समजलेले नाही.

या गाडीचा पूर्वेतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना वाट पाहण्याचे नवल वाटणार नाही. पहिली स्कायलाइन जीटी-आर १९६९ ची. तिची दुसरी पिढी १९७३ मध्ये आली आणि अवघ्या १९७ गाड्या होऊन थांबली. तेव्हाही धुराचे नियम आणि तेलाचे संकट आडवे आले होते. त्यानंतर हे नाव थेट १९८९ मध्ये आर-३२ या पिढीवर परत आले, म्हणजे मध्ये सोळा वर्षे गेली. एखादे मूल जन्मून शाळा संपवते तेवढा हा काळ आहे. आर-३४ ही पिढी २००२ मध्ये थांबली. तिचा वारस कसा दिसेल याची झलक कंपनीने २००१ च्या टोकियो प्रदर्शनातच दाखवली होती, २००५ मध्ये आणखी एक रूप दाखवले, आणि ग्राहकाच्या हाती गाडी पडली २००७ च्या अखेरीस. खुद्द कंपनीने मंचावर मांडलेल्या गाडीलाही सहा वर्षे लागली. मग जिची चित्रे संगणकावर कोणीतरी कल्पनेने रंगवली आहेत तिचे वर्ष आपण इतक्या ठामपणे कसे छापावे?

याहून बोलके उदाहरण होंडाच्या एनएसएक्स या स्पोर्ट्स कारचे आहे आणि हायब्रिड वारसाची कथा म्हणून ते प्रत्येक वार्ताहराने वाचावे असे मला वाटते. १९९० ची पहिली एनएसएक्स ही संपूर्ण ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची पहिली मोठ्या प्रमाणावर तयार झालेली गाडी. इंजिन चालकाच्या पाठीमागे, तीन लिटरचे, टर्बोशिवाय. वजन साधारण १३५० किलो. तिच्या चाचण्यांच्या वेळी फॉर्म्युला वन शर्यतींचा विजेता आयर्टन सेना याने जपानमधील सुझुका येथील शर्यतीच्या मार्गावर ती चालवली आणि सांगाडा आणखी ताठ हवा असे सांगितले. होंडाच्या अभियंत्यांनी ते मनावर घेऊन त्यात सुधारणा केली. २००५ मध्ये ही गाडी थांबली आणि लगेच वारसाची चर्चा सुरू झाली.

त्या चर्चेत जे सांगितले जात होते ते खोटे नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढच्या बाजूला व्ही-१० इंजिन असलेली गाडी होंडा खरोखर करत होती. झाकलेली गाडी जर्मनीतील नुरबुर्गरिंगच्या मार्गावर धावताना लोकांनी पाहिली होती. त्या काळात एखाद्या वार्ताहराने "व्ही-१० एनएसएक्स येणार" असे लिहिले असेल तर त्याची माहिती पक्की होती. आणि तरीही ती गाडी आली नाही. २००८ ची आर्थिक मंदी आली, डिसेंबरमध्ये होंडाने फॉर्म्युला वनमधून माघार घेतली आणि त्याच महिन्यात हा प्रकल्पही बंद करत असल्याचे जाहीर केले. तयार झालेल्या कामातून एचएसव्ही-०१० नावाची शर्यतीची गाडी तेवढी निघाली, तीही व्ही-८ इंजिनावर, आणि २०१० मध्ये तिने जपानच्या सुपर जीटी मालिकेचे विजेतेपद मिळवले. रस्त्यावर चालवायला ती कोणालाही मिळाली नाही.

मग २०१२ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात होंडाने नवी संकल्पना मांडली, आणि ती हायब्रिड होती. त्या गाडीत इंजिन आडवे बसवायचे ठरले होते. काम चालू असताना अभियंत्यांना शक्ती कमी पडेल असे वाटले, दोन टर्बो घ्यायचे ठरले आणि ते मावेनात म्हणून इंजिन उभे करावे लागले. इंजिन नव्वद अंशांत फिरवायचे म्हणजे काय, हे मी सांगू शकतो. सांगाड्याचे माप बदलते, गिअरबॉक्सची जागा बदलते, थंड हवा आत घेण्याचे मार्ग बदलतात, आणि त्या प्रत्येक बदलामागे नवे ड्रॉइंग, नवी डाय आणि नवी तपासणी येते. शेवटी तयार गाडी २०१५ मध्ये दाखवली गेली, २०१६ मध्ये ओहायोतील कारखान्यातून ती ग्राहकांकडे जाऊ लागली आणि २०२२ च्या अखेरीस तीही बंद झाली. पहिली गाडी थांबल्यापासून अकरा वर्षांनी आलेला वारस सहा वर्षे टिकला. आज एनएसएक्सचे नाव घेतले तर लोकांना पहिली गाडीच आठवते.

आमच्या कारखान्यांत नव्या मॉडेलची कुजबूज सतत चाले. कँटीनमध्ये, बसमध्ये, पाळी बदलताना. कोणी पुण्याहून ड्रॉइंग आल्याचे सांगे, कोणी एखादा झाकलेला नमुना पाहिल्याचे सांगे. त्या सगळ्यावर जुने फोरमन एकच प्रश्न विचारत, "टूलिंगचा पीओ निघाला का?" म्हणजे पत्र्याच्या डायची, साच्यांची, व्हेंडरकडच्या सुट्या भागांची खरेदीची ऑर्डर कंपनीने दिली का. डाय ही फार महाग वस्तू असते. ती कापायला घेतली म्हणजे मालकाने पैसे मोजले. ड्रॉइंग कपाटात राहू शकते, पेटंट दाखल करून ठेवता येते, नावाची नोंदणी दर काही वर्षांनी नुसती नूतनीकरण करून घेता येते, प्रदर्शनातली एकुलती एक गाडी हाताने ठोकून करता येते. डाय कापल्यावर मात्र पायलट लॉट, म्हणजे चाचणीपुरत्या गाड्यांची पहिली तुकडी, निघतो, आणि पायलट लॉट निघाला की गाडी येतेच येते. जीटी-आरच्या वारसाबद्दल असे पाऊल पडल्याचे कंपनीने कुठेही सांगितलेले नाही.

याच कसोटीवर होंडा प्रिल्यूड घ्या. २००१ मध्ये थांबलेली ही गाडी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संकल्पना म्हणून दाखवली गेली आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये हायब्रिड होऊन जपानमध्ये विक्रीलाही आली. इतक्या लवकर हे कसे झाले? कारण तिच्याखालचे बहुतेक सामान आधीच तयार होते. सांगाड्याचा पाया होंडाच्याच सिव्हिक गाडीचा, दोन लिटरचे इंजिन आणि दोन मोटरींची हायब्रिड यंत्रणा होंडाच्या इतर गाड्यांत चालू असलेली, पुढचे सस्पेन्शन सिव्हिक टाइप-आर कडून घेतलेले. वरचा पत्रा नवा. जीटी-आरची गोष्ट तशी नाही. तिचा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, चारही चाकांना शक्ती, इंजिन निसानच्या दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या गाडीत नसलेले. अशा गाडीची हायब्रिड यंत्रणा कपाटातून काढून बसवता येत नाही.

आणि येथे मला आपल्या मजकुरातील दुसऱ्या, माझ्या मते अधिक मोठ्या उणिवेकडे वळायचे आहे. हायब्रिड हा शब्द त्यात बारा-तेरा वेळा आला, पण कोणत्या प्रकारची हायब्रिड, हे एकदाही विचारले गेले नाही. टोयोटाने १९९७ मध्ये प्रियसपासून रूढ केलेल्या पद्धतीत ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या गिअरांच्या संचातून इंजिनाची शक्ती चाके आणि जनित्र यांच्यात वाटली जाते. होंडाच्या पद्धतीत शहरात मोटर चाके फिरवते आणि मोठ्या वेगात क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडले जाते. खुद्द निसानची ई-पॉवर नावाची पद्धत आहे. जपानमध्ये नोट या छोट्या गाडीत ती २०१६ मध्ये आली. तिच्यात इंजिन चाकांना कधीच जोडले जात नाही, ते फक्त वीज तयार करते. शहरात ती उत्तम चालते. सतत मोठ्या वेगाने धावणाऱ्या गाडीत मात्र इंजिनाच्या शक्तीची आधी वीज आणि विजेची पुन्हा गती करताना दोनदा तूट सोसावी लागते. जीटी-आरच्या चाहत्याला यातली कोणती पद्धत मिळणार, यावर ती गाडी जीटी-आर राहणार की नाही हे ठरेल.

नातवाला हे नुसते शब्दांत पटेना, म्हणून एका रविवारी मी त्याला ओळखीच्या गॅरेजात घेऊन गेलो. तेथे एक हायब्रिड सेडान दुरुस्तीला आली होती. मेकॅनिकने आधी मागच्या आसनाजवळचा सर्व्हिस प्लग ओढून काढला, तो स्वतःच्या खिशात ठेवला, जाड रबरी हातमोजे चढवले आणि मग घड्याळाकडे पाहत दहा मिनिटे काही न करता उभा राहिला. बॅटरीची वीज मोटरीला चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरच्या डब्यातील कपॅसिटरांत साठलेला विजेचा दाब उतरल्याशिवाय हात लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. बॉनेटखाली बोटाएवढ्या जाडीच्या केशरी केबली इन्व्हर्टरपासून खाली उतरत होत्या. मी नातवाला सांगितले, या केबलींची, या डब्याची आणि मागच्या बॅटरीची जागा आणि वजन मनात धर, आणि आता हे सगळे जीटी-आरमध्ये कुठे ठेवशील ते सांग. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलेला प्रश्न आपल्या पुरवणीत असायला हवा होता. तो म्हणाला, "आबा, एवढी वीज किती वेळ पुरेल?"

त्याच रात्री आम्ही कागदावर हिशोब मांडला. आमच्या भागातील वाचकांना समजेल असे उदाहरण घेतले. पिथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहनांच्या चाचणीची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिचा ११.३ किलोमीटरचा वेगवान गोल मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. समजा एखाद्या हायब्रिड स्पोर्ट्स कारमध्ये शंभर किलोवॉटची मोटर आणि दीड किलोवॉट-तासाची बॅटरी आहे. त्या गोल मार्गावर पूर्ण वेगात ब्रेक लागत नाही, त्यामुळे ब्रेकमधून परत मिळणारी वीजही नाही. मोटरला पूर्ण जोर दिला तर बॅटरी ५४ सेकंदांत रिकामी होते. ताशी ३०० किलोमीटर वेगाने ५४ सेकंदांत गाडी साडेचार किलोमीटर जाते. म्हणजे नॅट्रॅक्सचा अर्धा फेराही पुरा होण्याआधी मोटर निव्वळ ओझे होते आणि उरते ते एकटे इंजिन. हे आकडे आमचे उदाहरणाचे आहेत, कोणत्याही गाडीचे नाहीत. परंतु इंजिन आणि मोटर यांची बेरीज करून छापलेली अश्वशक्ती किती सेकंदांची आहे, हे बॅटरीची क्षमता सांगितल्याशिवाय कळत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते. आपण अश्वशक्ती छापली, बॅटरीचा उल्लेख केला नाही.

वजनाचेही तसेच. दुसरी एनएसएक्स १७०० किलोंच्या वर गेली होती, पहिलीपेक्षा साडेतीनशे किलोंच्या आसपास जड. त्या बदल्यात तिला तीन मोटरी मिळाल्या. दोन मोटरी पुढच्या दोन चाकांना स्वतंत्रपणे ओढत, त्यामुळे वळणावर एका चाकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी जोर देता येई, आणि हे काम दोन चाकांत जोर वाटणाऱ्या यांत्रिक गिअरसंचापेक्षा (डिफरन्शियल) जलद होई. अभियांत्रिकी म्हणून मला ते अतिशय सुंदर वाटते. तरीही पाठीमागे बसलेल्या हलक्या इंजिनाची आणि साध्या गिअरची जी गाडी लोकांनी मनात जपली होती, ती ही नव्हती. याउलट पोर्शने २०२४ मध्ये ९११ कॅरेरा जीटीएस या स्पोर्ट्स कारला हायब्रिड केले तेव्हा गिअरबॉक्सच्या आत ४० किलोवॉटची छोटी मोटर बसवली, टर्बोला स्वतःची मोटर दिली, बॅटरी १.९ किलोवॉट-तासांची ठेवली आणि वजन ५० किलोंच्या आसपासच वाढू दिले. चार्जिंगची सोय नाही, दोरी लावायची नाही. माझे मत विचाराल तर जीटी-आरने हा मार्ग घ्यावा. तिचा स्वभाव चारही चाकांनी जमीन धरून सुटण्याचा आहे आणि टर्बो जागा होईपर्यंतची क्षणभराची ढील छोट्या मोटरीने भरून निघाली तर तो स्वभाव अधिक खुलेल. मोठी बॅटरी घालून आकडे फुगवले तर मात्र ती दुसरीच कोणती तरी गाडी होईल. पण हे माझे मत आहे, आणि मत म्हणून मी ते सांगतो आहे.

पैशाची बाजू आपल्या मजकुरात आलीच नाही. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात निसानला सुमारे ६७० अब्ज येनचा तोटा झाला. होंडाबरोबर एकत्र येण्याची बोलणी त्याच वर्षी फेब्रुवारीत मोडली. मे महिन्यात कंपनीने २० हजार नोकऱ्या कमी करण्याची आणि कारखाने सतरावरून दहावर आणण्याची योजना जाहीर केली. ज्या घरात असे दिवस आले आहेत ते घर आपल्या सर्वांत खर्चिक आणि सर्वांत कमी खपणाऱ्या गाडीवर आज पैसे लावेल का? लावेलही, कारण नावाची पत टिकवणे हाही धंद्याचाच भाग आहे. परंतु २००८ मध्ये होंडाने काय केले ते आपण पाहिले आहे. मंदीत पहिली कात्री लागते ती अशाच प्रकल्पांना, आणि आमच्या टूल रूममध्ये अर्धी कापलेली डाय ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे पडून राहिलेली मी स्वतः पाहिली आहे.

उलटही घडते, हे मान्य करतो. पिथमपुरात तयार होणारी कायनेटिक होंडा ही स्कूटर ज्या पिढीने वापरली, तिला बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली ती गाडी गेल्याची हुरहूर होती. तिचे डीएक्स हे नाव २०२५ मध्ये विजेवरच्या स्कूटरला मिळाले. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना ते कळल्यावर त्यांनी कितीतरी वेळ जुन्या पांढऱ्या स्कूटरच्या आठवणी सांगितल्या. गेलेल्या गाडीवर माणसांचा जीव असतो, म्हणून तिच्या परतण्याची बातमी इतक्या चटकन खरी वाटते. त्या जिवाचा मान राखायचा तर बातमी अधिक काळजीने द्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे वारसाची नोंद करायची तर तलाठी असो वा पटवारी, कोणीही तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, कागद मागतो. वाहनांच्या बातम्यांतही तेवढे करावे, अशी माझी विनंती आहे. कंपनीने जाहीर केले, अधिकाऱ्याने मुलाखतीत शक्यता बोलून दाखवली, पेटंटच्या कागदावरून अनुमान काढले, की कोणाच्या कल्पनेतून चित्र आले, हे त्या-त्या वाक्यातच लिहावे. "म्हटले जाते" आणि "समजते" या क्रियापदांमागे कोण उभा आहे ते वाचकाला कळावे. अफवा छापूच नयेत असे मी म्हणत नाही. गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांना त्या वाचायला आवडतात, मलाही आवडतात. फक्त आकडा छापताना त्याच्याशेजारी तो देणाऱ्याचे नाव असावे. आणि जुन्या गाडीविषयी, तिच्या इंजिनावरच्या त्या नावाच्या पट्टीविषयी, १९७३ च्या १९७ गाड्यांविषयी पाऊण पान लिहिले असते तर एकही शब्द पुढे खोडावा लागला नसता.

नातवाने प्रकल्पाचे कोष्टक नव्याने केले आहे. डावीकडे आर-३५ चे आकडे आहेत, मध्ये दोन्ही एनएसएक्स आणि हायब्रिड ९११ यांचे. उजवीकडचा रकाना त्याने काढून टाकला नाही. त्यात वर "जीटी-आर, पुढील पिढी" असे लिहिले आहे, खाली २६ ऑगस्ट २०२५ च्या निवेदनाचा सारांश दिला आहे आणि बाकीची घरे पेन्सिलीने आखून मोकळी ठेवली आहेत. पुन्हा सादर करण्याची मुदत या महिन्याच्या अखेरीस आहे. आपल्या पुरवणीतील अश्वशक्ती, वर्ष आणि किंमत यांना काही आधार असल्यास तो त्यापूर्वी आपल्या स्तंभात प्रसिद्ध करावा, म्हणजे ती घरे आम्हाला शाईने भरता येतील. आधार नसल्यास तसे दोन ओळींत छापावे. ते कात्रणही तो प्रकल्पाला जोडेल.

आपला नम्र,
एक निवृत्त टूल रूम अभियंता
रामबाग, इंदूर